ड्राय टीएचएफ वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

ड्राय टीएचएफच्या (टेट्राहायड्रोफ्युरान, इथे पाणी काढलेला द्रावक) लेबलवर पाणी ५० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ५० भाग) कमी असे लिहिलेले असते. हा आकडा बाटली भरतानाचा आहे. सेप्टममधून (बाटलीच्या तोंडावरचे रबरी बूच) पहिली सुई गेली की पुढचे सगळे तुमच्या हाताळणीवर अवलंबून असते. टीएचएफ पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, म्हणून हवेतला दमटपणा ते लगेच ओढून घेते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फ्रिजमधली थंड बाटली तशीच उघडू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

हिशेब मिलीमोलमध्ये करा

२० मिली टीएचएफचे वजन सुमारे १७.८ ग्रॅम भरते. ५० पीपीएम धरले तर त्यात ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलीमोल पाणी असते. १० मिलीमोलच्या ग्रिन्यार्डला (मॅग्नेशियम आणि हॅलाइडपासून बनणारे अभिकर्मक) त्याने फारसा फरक पडत नाही. पण ब्यूटिललिथियम (पाण्याने लगेच नष्ट होणारा तीव्र बेस) १ मिलीमोलच घेतले असेल, तर त्यातले ५ टक्के तिथेच संपते. ५०० पीपीएमच्या साध्या टीएचएफमध्ये निम्मे! म्हणून रिॲक्शन जितकी लहान, तितका द्रावक कोरडा हवा. पाण्याचे प्रमाण कार्ल फिशरवर तपासत असाल तर लक्षात ठेवा, पेरॉक्साइड (हवेतल्या ऑक्सिजनमुळे टीएचएफमध्ये तयार होणारी स्फोटक संयुगे) असलेल्या नमुन्यात पाणी खऱ्यापेक्षा कमी दिसते.

कुठे वापरावे

ग्रिन्यार्डमध्ये टीएचएफचा ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून ठेवतो. त्यामुळे डायएथिल ईथरमध्ये अडून बसणारी अराइल क्लोराइड आणि व्हिनाइल हॅलाइडही इथे चालतात. मॅग्नेशियमच्या कातरणांवर आयोडीनचा एक खडा आणि हॅलाइडचा फक्त दहावा हिस्सा घाला. तपकिरी रंग जातो, द्रव राखाडी गढूळ होतो, धातूजवळ बुडबुडे दिसतात, फ्लास्क कोमट लागतो. हे दिसल्यावरच बाकीचे हॅलाइड थेंबथेंब सोडा. रिॲक्शन सुरू होत नाही म्हणून सगळे एकदम ओतले, तर ती उशिरा आणि एकदम पेटते. ६६ अंशाला उकळणारे टीएचएफ कंडेन्सरमधून बाहेर उसळते. सुरुवात लांबण्याचे नेहमीचे कारण ओलावाच असतो.

ब्यूटिललिथियम आणि एलडीए (लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड, हाही तीव्र बेस) यांच्यासाठी उणे ७८ अंश ठेवा. २० अंशाला ब्यूटिललिथियम टीएचएफलाच फोडते आणि सुमारे दोन तासांत निम्मे उरते. टायटॅनियम टेट्राक्लोराइडसारखी तीव्र लुईस आम्ले (इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणारी संयुगे) असतील तर आमचे टीएचएफ घेऊ नका: टीएचएफच्या रेणूचे वलय उघडते, कधी पॉलिमर होतो. तिथे डायक्लोरोमिथेन बरे.

बाटलीतून काढताना

काचसामान १२५ अंशाच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा आणि नायट्रोजनखाली थंड होऊ द्या. सिरिंज तीनदा नायट्रोजनने धुवा. बाटलीत आधी नायट्रोजनच्या फुग्याची सुई, मग सिरिंजची. हा क्रम चुकला तर द्रव काढताना आत निर्वात होतो आणि खोलीतली हवा सुईच्या छिद्रातून शिरते. प्लास्टिक सिरिंजचे रबर टीएचएफमध्ये फुगते, म्हणून काचेची चांगली. साधे नायट्राइल हातमोजे टीएचएफला काही मिनिटेच अडवतात. सांडले की लगेच बदला.

उरलेल्या द्रावकासाठी ३ अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) वापरा. दर १०० मिलीला २० ग्रॅम घालून दोन-तीन दिवस ठेवा. सीव्ह आधी ३०० अंशाला निर्वातात किमान तीन तास तापवलेले हवेत. ११० अंशाच्या ओव्हनमध्ये त्यांतले पाणी पुरते निघत नाही. द्रव ढवळू नका, नाहीतर मण्यांची भुकटी सुईत अडकते.

बीएचटी आणि पेरॉक्साइड

पेरॉक्साइड रोखण्यासाठी बहुतेक बाटल्यांत २५० पीपीएम बीएचटी (एक अँटिऑक्सिडंट) असते. एनएमआरमध्ये (रेणूची रचना ओळखण्याची चाचणी) १.४३, २.२७ आणि ६.९८ ला अनोळखी शिखरे दिसली तर ती बहुधा त्याचीच. बीएचटी नसलेले टीएचएफ हवे असेल तर लहान बाटली मागवा आणि लवकर संपवा.

उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. दर तीन महिन्यांनी, आणि ऊर्ध्वपातनापूर्वी न चुकता, चाचणीपट्टीने पेरॉक्साइड पाहा. ते आढळले तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम घालून सुकवू नका. स्फोट होऊ शकतो. ऊर्ध्वपातनात फ्लास्क कधीही पूर्ण कोरडा होऊ देऊ नका. झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले तर बाटली हलवू नका, झाकणही फिरवू नका. तिथेच ठेवून सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा.