३ किलोच्या कुत्र्याला पण ४२ दात

चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्की, शिह त्झू असलं एखादं पिल्लू घरी आणलं की लोकांना वाटतं चला, छोटं कुत्रं म्हणजे सगळंच थोडं थोडं, काम पण थोडं. पण अंग लहान झालं म्हणून आतलं सगळं त्याच मापात लहान होत नाही, आणि बहुतेक त्रास नेमके तिथूनच सुरू होतात.

दातांचंच घ्या. लॅब्रडॉरला ४२ दात असतात आणि ३ किलोच्या पॉमलाही ४२च. एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने तिरकेतारके बसतात, फटीत अन्न अडकतं, प्लाक साचतो, त्याचा कडक टार्टर होतो आणि मग हिरडीबरोबर आतलं हाडही झिजत जातं. ते हाड मुळातच पातळ, त्यामुळे फारच दुर्लक्ष झालं तर साधं काहीतरी चावताना जबडा मोडल्याच्या केसेस पण होतात. दुधाचे दात साधारण ६-७ महिन्यांपर्यंत पडून जायला हवेत, पण छोट्या ब्रीडमध्ये बऱ्याचदा जुना सुळा पडतच नाही आणि नवा त्याला खेटून येतो. ओठ हलकेच वर करून बघा, एका जागी दोन सुळे दिसले तर लगेच व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, दाखवा. आणि ब्रश रोज, फक्त कुत्र्यांसाठीच्या पेस्टने, कारण माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असतं आणि त्याने कुत्र्याची शुगर धाडकन उतरते, लिव्हर पण जाऊ शकतं.

आता खाण्याचं. नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरीज काढायला व्हेट लोक किलोतल्या वजनाचा पाऊण घात (कॅल्क्युलेटरवर ०.७५ वा घात) काढून त्याला ७० ने गुणतात. त्या हिशोबाने ३ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १६० लागतात आणि ३० किलोच्याला ९०० च्या आसपास, म्हणजे वजन दहापट पण गरज साडेपाचपटच. उलटं बघितलं तर छोटं कुत्रं किलोमागे जवळजवळ पावणेदोन पट एनर्जी जाळतं. वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे अंगातली उष्णताही पटकन निघून जाते. म्हणूनच थंडीत ती कुडकुडतात, आणि म्हणूनच टॉय ब्रीडच्या, म्हणजे अगदी छोट्या जातींच्या, पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरून ती लटपटायला लागतात, कधी फिट पण येते. दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं द्या. दुसरी बाजू अशी की ३ किलोच्या कुत्र्याचं ३०० ग्रॅम वजन वाढलं तर ते १० टक्के झालं, त्यामुळे बिस्किटाचा तुकडा पण हिशोबात धरा.

हा लहानपणा सगळा माणसानेच घडवलाय असं मला पण वाटायचं, पण २०२२ मध्ये संशोधकांना आयजीएफ१ या अंगाच्या वाढीशी संबंधित जीनजवळचा लहान अंगाशी जोडलेला बदल सायबेरियातल्या ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडला, म्हणजे कुत्री पाळीव व्हायच्या कितीतरी आधीचा! भारी आहे हे.

श्वासनलिकेकडे मात्र खरंच लक्ष द्या. ती उघडी राहते ती इंग्रजी सी आकाराच्या कूर्चेच्या कड्यांमुळे, आणि छोट्या ब्रीडमध्ये ही कडी ढिली पडून नळी चपटी होऊ शकते. मग एक्साइट झालं किंवा पट्टा ओढला गेला की बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो. गळ्यात पट्टा नको, छातीला हार्नेस घाला, आणि वजन आटोक्यात ठेवा, खूप फरक पडतो.

म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळायला लागणं पण खूप कॉमन, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या ब्रीडमध्ये तर तरुणपणीच. त्यावर घरी लक्ष ठेवायचा एकदम सोपा उपाय आहे, गाढ झोपलं असताना छाती एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास असं मिनिटभर मोजायचं. ३० च्या आत असेल तर ठीक. स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हाचा आकडा धरू नका, शांत झाल्यावर परत मोजा, आणि तरीही सारखा ३० च्या वर येत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता व्हेटला फोन करा.