आकाशातून पडलेला दगड गरम की गार?

१४ जुलै १८६०. हिमालयाच्या कुशीतल्या धरमशाला इथे भर दुपारी मोठा गडगडाट झाला आणि आकाशातून दगड पडले. लोकांनी ते उचलले, पण फार वेळ हातात धरवेनात. चटका बसला म्हणून नव्हे, गारठ्याने बोटं बधिर झाली म्हणून!

सिनेमातला अशनी, म्हणजे असा आकाशातून पडणारा दगड, मात्र लालबुंद, धुमसत येतो. त्यात निम्मं खरं आहे. सेकंदाला ११ किलोमीटरहून जास्त वेगाने दगड वातावरणात घुसतो, तेव्हा पुढच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि हजारो अंशांपर्यंत तापते. (घर्षणापेक्षा हे दाबणंच जास्त महत्त्वाचं.) दगडाचा पृष्ठभाग वितळतो, पण वितळलेला थर लगेच उडून जातो आणि आपली उष्णताही सोबत नेतो. हा खेळ काही सेकंदांचा. त्यात दगड उष्णतेचा मंदवाहक. चुलीतल्या लाकडाचं एक टोक रसरशीत पेटलेलं असतं, तरी दुसरं टोक धरून ते आत सारता येतंच की! अशनीवर मागे उरतं ते जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं काळं कवच.

जमिनीपासून साधारण २० किलोमीटरवर वेग मंदावतो, उजेड विझतो. तिथून पुढे काही मिनिटं तो साध्या दगडासारखा पडतो, तेही उणे ५० अंशांच्या आसपासच्या हवेतून. कवच तिथेच निवतं.

आतलं तापमान मात्र अवकाशातलंच. पृथ्वीच्या कक्षेजवळ ऊन खात फिरणारा काळपट दगड शून्य अंशाच्या आसपास असतो, फार थंड नव्हे. त्यामुळे धरमशालेची बोटं बधिर झाल्याची हकिगत मला थोडी तिखटमीठ लावलेली वाटते. पण आतपर्यंत आच पोचत नाही, हे नक्की. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू) सापडली. आत भट्टी पेटली असती तर ती उरली नसती. लोखंडी अशनीत उष्णता जास्त खोल शिरते, हा अपवाद.

आपल्याकडे २२ मे २०१२ला नागपूरजवळ काटोलला अशनींचा वर्षाव झाला, तोही दुपारी. विदर्भातल्या मे महिन्यात तासभर पडून राहिलेला दगड हाताला पोळला, तर त्याचा दोष आकाशाला नाही, उन्हाला.