डीप-डिश पिझ्झा: शिकागोतल्या पाऊण तासाची पार्श्वभूमी

शिकागोत पहिल्यांदा डीप-डिश पिझ्झा खायला गेलेल्या माणसाला दोनदा ताटकळावं लागतं. आधी टेबलासाठी, मग पिझ्झ्यासाठी. शनिवारी संध्याकाळी नावाजलेल्या ठिकाणी गर्दी असली, की बरेचदा रांगेतच मेनू हातात देऊन ऑर्डर लिहून घेतात. पिझ्झा भट्टीत गेलेला असतो आणि खाणारा अजून दारातच उभा. नवख्याला यात गिऱ्हाइकाला कटवायची घाई दिसते. खरं तर आत भट्टीपाशी घाई करायला वावच नसतो.

कारण पदार्थाच्या रचनेत आहे. वापरून वापरून काळं पडलेलं, उंच काठाचं गोल पॅन घेतात. त्याला तेल लावून पीठ थालीपीठासारखं बोटांनी थापत थापत काठावर चढवतात. पिठात तेल किंवा लोणी सढळ हातानं घातलेलं असतं, त्यामुळे कड चिवट न होता खुसखुशीत होते. त्यावर आधी मोझरेला, मग सॉसेज किंवा भाजी आणि सगळ्यात वर ठेचलेले टोमॅटो. हा उलटा क्रम दिखाऊपणा नव्हे. एवढा जाड ऐवज आतपर्यंत भाजायला तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि चीज उघडं राहिलं तर तेवढ्यात करपून जाईल. टोमॅटो वर असले की त्यांचं पाणी आटतं आणि चीजही झाकलं जातं.

हा प्रकार कुठल्या इटालियन गावातून आलेला नाही. त्याचं जन्मस्थान म्हणून ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं ‘पिझेरिया उनो’ दाखवतात. साल 1943. महायुद्ध ऐन भरात होतं आणि त्याच वसंतात अमेरिकेत मांस आणि चीज रेशनवर गेलं होतं. अशा वर्षी पॅनभर चीजचा धंदा काढायचा म्हणजे धाडसच! भागीदार दोघे. आइक सिवेल हा टेक्सासचा, कॉलेजात नावाजलेला फुटबॉलपटू, पुढे दारूच्या व्यवसायात शिरलेला. रिक रिकार्डो हा चित्रकार, रश स्ट्रीटवर त्याचं स्वतःचं रेस्टॉरंट चालत होतं. सिवेलला मूळात मेक्सिकन खाणावळ काढायची होती. रिकार्डोनं ते जेवण चाखलं आणि नाक मुरडलं, तेव्हा गाडी पिझ्झ्यावर आली, असं सांगतात. किस्सा झकास आहे. त्याला तिखटमीठ किती लागलंय ते सोडून देऊ. सिवेलनं मेक्सिकन जेवणाची हौस मात्र पुढे भागवली: 1963 मध्ये त्यानं ‘सू कासा’ काढलं.

पिझ्झा तोवर बहुतांशी इटालियन वस्त्यांमध्ये खाल्ला जायचा. उनोत मात्र इतर शिकागोकरही यायला लागले. गर्दी मावेना म्हणून 1955 मध्ये जवळच ‘पिझेरिया दुए’ उघडलं. म्हणजे दाराबाहेर ताटकळणं काही आजचं नाही.

कृती नेमकी कुणाची, हा वाद मिटलेला नाही. शहराचे सांस्कृतिक इतिहासकार राहिलेले टिम सॅम्युएलसन यांच्या मते, एकाच माणसाला श्रेय द्यावं इतका पुरावा हाती नाही. मला विचाराल तर मालकांपेक्षा स्वयंपाकघराकडे बघावं. उनोत रूडी मालनाटी काम करायचे. त्यांचा मुलगा लू यानं 1971 मध्ये लिंकनवूड उपनगरात स्वतःचं दुकान थाटलं आणि आज ती मोठी साखळी आहे. उनोच्याच स्वयंपाकघरात ॲलिस मे रेडमंड ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण होती. पीठ नीट ताणलं जात नाही म्हणून तिनं स्वतःची युक्ती काढली आणि ती कुणाला सांगितली नाही, असं म्हणतात. 1966 मध्ये दोन टॅक्सीचालकांनी एका मित्राला घेऊन ‘जिनोज ईस्ट’ सुरू केलं. पुढे रेडमंड तिथे गेली आणि हातची चवही तिच्याबरोबर गेली. तिथली पिवळसर कड आणि गिऱ्हाइकांनी नावं खरडून भरलेल्या भिंती प्रसिद्ध झाल्या. रेडमंडचं नाव मात्र फार कुणाच्या तोंडी नसतं. हे मला खटकतं.

न्यूयॉर्ककर या सगळ्याला पिझ्झा मानायलाच तयार नसतात. तिथेच वाढलेले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनीही, चव उत्तम असली तरी याला पिझ्झा म्हणू नये, असा शेरा मारला होता. गंमत म्हणजे अस्सल शिकागोकर रोज हा खात नाही. त्याच्या घरी येतो तो पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकडे केलेला ‘टॅव्हर्न’ पिझ्झा. डीप-डिश बाहेर पडतो तो पाहुणे आले की. शिकागोतल्या मराठी घरांतही देशातून आलेल्या आईबाबांना इथेच नेतात. तिथे पहिली अडचण सॉसेजची, कारण काही ठिकाणी त्याचा अख्खा थर पॅनभर पसरलेला असतो. शाकाहाऱ्यांची गाडी मग पालकावर येते, आणि पालक म्हटलं की अनेकदा ‘स्टफ्ड’ प्रकारावर. तो डीप-डिशचा धाकटा भाऊ, 1970 च्या दशकातला: ‘नॅन्सीज’ आणि ‘जॉर्डानोज’ या दुकानांनी चीजवर पिठाचा आणखी एक पातळ थर चढवला आणि टोमॅटो त्याच्या वर ओतला. त्याला डीप-डिशपेक्षाही जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा रांगेतच ऑर्डर देऊन टाकलेली बरी.