विमान लेट झालं की दहा हजार मिळतात?

विमान लेट झालं की कंपनीला दहा हजार द्यावेच लागतात, हा सगळीकडे फिरणारा समज चुकीचा आहे. डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारी सरकारी यंत्रणा. तिच्या नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाहीच. ठरावीक वेळेनंतर खाणंपिणं. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. रोख भरपाई असते ती वेळेत न कळवता उड्डाण रद्द केल्यास. तीही प्रवासाला किती वेळ लागतो त्यानुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, नाहीतर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क. यांतलं जे कमी असेल ते! म्हणजे सेलमध्ये तिकीट काढणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. धुकं, वादळासारखं कारण असेल तर तेही विसरा. परतावा मात्र सोडू नका.