साखर काढली, गहू काढला. मग केक उभा कशावर राहतो?

ज्वारीचं पीठ, पिकलेली केळी, थोडा खजूर. साखर नाही, मैदा नाही, बाकी सगळं नेहमीसारखंच. अशा कृती सध्या जिकडेतिकडे फिरत असतात. त्या बरहुकूम केक केला की ओव्हनमधून बहुधा ठरलेली वस्तू बाहेर येते: वरून चिरलेली, कडेने कोरडी, मध्ये खचलेली आणि तळाशी गिच्च. दोष ज्वारीचा नसतो आणि केळ्याचाही नसतो. चूक 'बाकी सगळं नेहमीसारखंच' या तीन शब्दांत असते. मैदा केकचा फुगवटा धरून ठेवतो, आणि तो फुगवटा कोणत्या क्षणी घट्ट व्हायचा हे साखर ठरवते. दोघं एकदम निघून गेल्यावर ही दोन्ही कामं दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात.

आधी ग्लुटेनचं बघू. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंतून ताणली जाणारी जाळी तयार होते; तिलाच ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटता येते ती हिच्यामुळे, आणि पाव फुगतो तोही हिच्यामुळेच. जव आणि राय या धान्यांतही याच कुळातली प्रथिनं असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका यांत ती नसतात. खपली गव्हात मात्र ती असतात. 'खपली ग्लुटेन-फ्री असतो' असं अनेक ठिकाणी बिनदिक्कत सांगितलं जातं, ते साफ चूक आहे. खपली हा गहूच आहे. रवा, शेवया, लापशी आणि सातूचं पीठ हेही याच यादीत येतात. बाजारातल्या बांधणी हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

ज्यांना सीलिअॅक आजार आहे, त्यांच्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. ग्लुटेनमुळे त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि अन्नातली पोषकद्रव्यं शोषली जात नाहीत. आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणं हाच यावरचा उपचार. भारतात 'ग्लुटेन-फ्री' म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हा आकडा किती लहान आहे ते बघा. गव्हाच्या पिठात साधारण १० टक्के ग्लुटेन धरलं, तर एक किलो ज्वारीच्या पिठात जेमतेम ०.२ ग्रॅम गव्हाचं पीठ, म्हणजे एक छोटी चिमूट, मिसळली की मर्यादा संपली. गिरणीत गव्हाचं दळण झाल्यावर लगेच ज्वारी टाकली, तर जात्याच्या कडेला राहिलेलं पीठ याच्या कितीतरी पट असतं. सीलिअॅकच्या रुग्णासाठी केक करायचा असेल तर ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या वेगळ्या चक्कीवर दळावी, नाहीतर तपासणी झालेलं पाकीटबंद पीठ घ्यावं. हा आजार नसेल आणि गहू नीट पचत असेल, तर ग्लुटेन टाळल्याने वजन उतरतं किंवा 'शरीर शुद्ध होतं' या दाव्यांना आधार नाही. ज्वारी खावी ती तिच्यातल्या तंतूंसाठी आणि चवीसाठी.

या आजाराच्या इतिहासात केळ्याला एक मजेशीर जागा आहे. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने सीलिअॅकच्या मुलांना केळ्यांवर ठेवायला सुरुवात केली. मुलं सुधारली आणि पुढची कित्येक वर्षं श्रेय केळ्यांना मिळत राहिलं. खरी गोष्ट अशी होती की त्या आहारात पाव नव्हता. नेदरलँड्समध्ये बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा तिथली सीलिअॅकची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारली. डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. पदार्थ खाल्ल्याने गुण आला की दुसरा न खाल्ल्याने, हा प्रश्न आहाराच्या प्रत्येक चमत्कारिक दाव्याला विचारायला हवा.

आता मुख्य गोष्ट. केक ओव्हनमध्ये गेला की मिश्रणात दोन शर्यती सुरू होतात. एक फुगण्याची: बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवेचे बुडबुडे तापून प्रसरण पावतात, पाण्याची वाफ त्यांत भरते. दुसरी घट्ट होण्याची: पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि सोबत अंड्यातली प्रथिनं गोठतात. फुगणं पूर्ण होत आलेलं असताना घट्ट होणं सुरू झालं तर छान जाळी पडते. घट्ट होणं लवकर आलं तर केक दडदडीत होतो, आणि आत उरलेला वायू वरचं कवच फोडून निघतो. उशिरा आलं तर बुडबुडे एकमेकांत मिसळून वर निसटतात आणि केक खचतो.

गव्हाचा स्टार्च नुसत्या पाण्यात साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसला फुगू लागतो. साखर भरपूर असली की ती पाणी आपल्याकडे धरून ठेवते आणि स्टार्चच्या साखळ्यांनाही सुटू देत नाही. त्यामुळे नेहमीच्या गोड केकमध्ये हे तापमान ८५ ते ९० अंशांपर्यंत वर सरकतं. म्हणजे साखर केकला फुगायला पंचवीस-तीस अंशांची सवड मिळवून देते. ती काढली की सवड गेली. साखरेचं आणखी एक काम असतं. लोणी आणि साखर फेटताना साखरेचे टोकदार खडे लोण्यात हवेचे असंख्य बारीक कप्पे पाडतात. केळ्याचा गर लोण्यात कितीही फेटला तरी ते होत नाही. म्हणून इथे हवा अंड्यातूनच आणावी लागते.

ज्वारी इथे आपल्या बाजूने उभी राहते. तिचा स्टार्च मुळातच गव्हापेक्षा उशिरा, ७० अंशांच्या आसपास फुगतो, आणि फळातल्या साखरा त्यात काही अंशांची भर घालतात. गेलेली सवड अशी अर्धीमुर्धी परत मिळते. पण नवी अडचण उभी राहते. मिश्रण ३० पासून ७० अंशांपर्यंत तापतं तेव्हा ते आणखी पातळ होत जातं, आणि ग्लुटेनची जाळी नसल्याने त्या काळात बुडबुड्यांना धरायला कोणी नसतं. वायू वर जातो, पिठाचे जड कण खाली बसतात. तळाचा तो गिच्च थर याचाच.

यावरचा उपाय भाकरी करणाऱ्या प्रत्येक हाताला ठाऊक आहे. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना तुटते. मग पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. तांदळाच्या भाकरीला आणि मोदकाला तर उकडच काढतात. उकड म्हणजे थोडा स्टार्च आधीच शिजवून, फुगवून त्याचा चिकटपणा उरलेल्या कोरड्या पिठाला उसना देणं. केकमध्ये हेच करायचं. एकूण पिठाचा दहावा हिस्सा चौपट पाण्यात शिजवून मिश्रणात घातला की ते ओव्हनमध्ये पातळ होण्याआधीच दाट असतं. जोडीला इसबगोल. त्याच्या भुशीतलं अरॅबिनोझायलान हे तंतुमय द्रव्य वजनाच्या कित्येक पट पाणी धरून लवचीक जेल बनवतं आणि बुडबुड्यांभोवती ग्लुटेनची जागा बरीचशी भरून काढतं. दुकानातल्या ग्लुटेन-फ्री पावात झँथन गम असतो तो याच कामासाठी. घरी इसबगोल पुरतो.

२० बाय १० सेंटिमीटरच्या टिनसाठी प्रमाण असं: ज्वारीचं ताजं पीठ १६० ग्रॅम, तांदळाचं पीठ ६० ग्रॅम, इसबगोलाची भुशी ६ ग्रॅम (मोठा सपाट चमचा आणि वर थोडी), सोललेल्या केळ्यांचा गर २५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर ६० ग्रॅम, अंडी २, तेल किंवा पातळ तूप ४० ग्रॅम, बेकिंग पावडर ८ ग्रॅम (२ लहान चमचे), खायचा सोडा १ ग्रॅम (पाव लहान चमच्याहून किंचित कमी), मीठ २ ग्रॅम, वेलची आणि जायफळ. या कृतीत वजनकाटा वापराच. ज्वारीचं पीठ वाटीत दाबून भरलं की सैल भरलं यावर सगळं गणित हलतं.

केळी सालीवर काळे ठिपके पडलेलीच घ्यावीत. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पूर्ण पिकेपर्यंत त्याची जवळजवळ सगळी साखर होते आणि स्टार्च एक-दोन टक्के उरतो. नुसत्या पिवळ्या, कडक केळ्याने केक कमी गोड तर होतोच, शिवाय जास्त चिवटही होतो. जळगावची केळी घेतली तरी तीन-चार दिवस पिकू द्यावीच लागतात.

ज्वारीच्या पिठातलं २० ग्रॅम पीठ ८० मिलिलिटर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत दोन मिनिटं शिजवा. खजूर ३० मिलिलिटर गरम पाण्यात भिजवा. दोन्ही कोमट झालं की पाण्यासकट केळ्यांबरोबर मिक्सरमधून फिरवा. इसबगोल सुक्या पिठात आधी नीट मिसळा; थेट ओल्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. पीठ, फळांचा गर, तेल, मीठ आणि मसाला एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीच्या पिठाचे खरबरीत कण या वेळात पाणी पितात. हा अर्धा तास वाचवला तर केक खाताना दाताखाली कचकच लागते. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र आत्ता घालायचे नाहीत, नाहीतर त्यांचा वायू वाटीतच संपतो. ओव्हन तापला की अंडी चार मिनिटं फिकट आणि फेसाळ होईपर्यंत फेटा. सोडा आणि बेकिंग पावडर मिश्रणावर चाळून घाला, आधी एक तृतीयांश फेस घालून मिश्रण सैल करा, मग उरलेला फेस हलक्या हाताने मिसळा. अंडी नको असतील तर १०० ग्रॅम घट्ट दही आणि आणखी २ ग्रॅम इसबगोल घाला. फुगवटा कमी येईल, चव चांगली लागेल.

ओव्हन १८० ऐवजी १६५ अंशांवर ठेवा. केळं आणि खजुरातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज प्रथिनांशी थेट अभिक्रिया करून तपकिरी रंग देतात. साध्या साखरेला त्यासाठी आधी फुटावं लागतं. त्यामुळे फळांचा केक वरून लवकर करपतो आणि आत कच्चा राहतो. ५० ते ५५ मिनिटं लागतील. काडी घालून पाहण्यावर फार विसंबू नये, कारण केळ्याचा चिकटपणा शिजल्यावरही काडीला लागतो. तापमापक असेल तर मध्यभागी ९६ अंश दिसले की झालं. आणि दोन तास कापू नका. स्टार्चमधलं अमायलोज थंड होतानाच घट्ट बसतं. गरम कापलेला ग्लुटेन-फ्री केक सुरीला चिकटतो आणि कच्चा वाटतो.

फळं बदलायची तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. जांभळाचा गर घातला तर सोडा वगळून बेकिंग पावडरवरच काम भागवा. त्यातलं जांभळं रंगद्रव्य अल्कधर्मी मिश्रणात हिरवट-निळं होतं. ताजा अननस अंड्याची प्रथिनं तोडतो, म्हणून तुकडे आधी पाच मिनिटं उकळून घ्यावेत. स्ट्रॉबेरी पाणी सोडते आणि तिच्याभोवती ओली पोकळी राहते. अर्धी कापून आधी ओव्हनमध्ये थोडी वाळवावी. हापूसचा रस केळ्यापेक्षा पातळ असतो, तो आटवून तीन चतुर्थांश करावा. डब्यातल्या रसात बहुतेकदा साखर असते, लेबल वाचावं.

कोकणात हे सगळं कधीच सुटलेलं आहे. फणसाचं सांदण म्हणजे तांदळाचा रवा आणि बरक्या फणसाचा रस, वाफवलेला. वाफेचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून कवच लवकर धरत नाही, चीर पडत नाही आणि करपण्याचा प्रश्नच येत नाही. फणस गोड असला तर गूळ वगळूनही सांदण उत्तम होतं. ओव्हन नसेल त्यांनी वरचं मिश्रणही इडलीपात्रात १५ मिनिटं वाफवावं. तपकिरी रंगाची खमंग चव तेवढी मिळणार नाही.

गुळाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजुराचं सिरप घालून 'नो शुगर' लिहिणं ही फसवणूक आहे. गुळात बहुतांश साखरच असते. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा रस यांतल्या साखरेला बाहेरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते, अख्ख्या फळातल्या साखरेला नाही. ब्रिटनच्या व्याख्येत तर फळांचा वाटलेला गरही साखरेत धरतात, कारण वाटल्यावर पेशींच्या भिंती फुटतात. त्या हिशेबाने या केकमध्ये केळ्यांतून साधारण ३७ ग्रॅम आणि खजुरातून ३८ ग्रॅम साखर येते. दहा तुकडे केले तर तुकड्याला साडेसात ग्रॅम. नेहमीच्या केळ्याच्या केकमध्ये फळाखेरीज दीडशे ग्रॅमच्या पुढे साखर जाते, त्यापेक्षा हे खूप बरं. मधुमेही व्यक्तीने मात्र ज्वारी-तांदळाच्या पिठातला स्टार्चही मोजावा. तुकड्यामागे तो सोळा ग्रॅमच्या आसपास येतो आणि त्याचं पोटात ग्लुकोजच होतं.

साखर पाणी बांधून ठेवते म्हणून गोड केक टिकतो. हा टिकत नाही. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते. फ्रिजमध्येही ठेवू नका. स्टार्चच्या साखळ्या चार-पाच अंशांवर सगळ्यात झपाट्याने पुन्हा रांगेत बसतात आणि केक कोरडा, भुसभुशीत होतो. थंड झाल्यावर तुकडे करून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. खायच्या वेळी झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. साठ अंशांच्या वर गेलं की त्या रांगा पुन्हा मोडतात आणि तुकडा परत मऊ होतो.