भिंग की मसूर? फोर्नॅक्स ‘ए’मागची पार्श्वभूमी

डिसेंबरअखेर रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास अश्मंत तारकासमूह नागपूरच्या दक्षिणेला येतो, क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर. शहरातून त्याचा पत्ता लागणं कठीण. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरलेल्या आणि नागपूरच्या उत्तरेला असलेल्या पेंचला गेलं, तर दक्षिणेच्या क्षितिजाला नागपूरचाच उजेड चिकटलेला असतो. सुदैवाने ३२ अंश म्हणजे त्याच्या बरंच वर. साध्या दुर्बिणीत तिथे एक धुरकट ठिपका सापडतो. हीच एनजीसी १३१६ या सूची-क्रमांकाची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. रेडिओ दुर्बिणीवाल्यांच्या बोलीत फोर्नॅक्स ए; फोर्नॅक्स हे अश्मंताचंच लॅटिन नाव.

तिची पहिली नोंद १८२६ ची, ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटा इथली. पुढची सव्वाशे वर्षं ती यादीतला एक क्रमांक होती, एवढं सांगून पुढे जायला हरकत नाही. १९५० च्या आसपास दक्षिण आकाशात एक जबर रेडिओ स्रोत सापडला आणि काही वर्षांतच त्याचा धागा या दीर्घिकेशी जुळला. दृश्य दीर्घिका त्या स्रोताच्या मधोमध बसलेली आणि त्याच्या मानाने अगदी लहान. तिच्या दोन बाजूंना रेडिओ लहरी फेकणारे दोन अवाढव्य फुगे आहेत. टोकापासून टोकापर्यंत दहा लाख प्रकाशवर्षांचा हा पसारा डोळ्यांना दिसत असता, तर आकाशात पूर्ण चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंद भरला असता. आणि हे सगळं सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवरून.

खरा घोळ तिला म्हणायचं काय, इथे आहे. सूचींमध्ये ती भिंगाकार दीर्घिका म्हणून नोंदलेली आहे. मराठीत आपण भिंग म्हणतो, पण मुळातला लॅटिन शब्द मसुराचा; काचेच्या भिंगालाच मसुरावरून नाव पडलं. अख्खा मसूर आडवा धरून पाहिला की आकार कळतो: मध्ये फुगीर, कडेला निमुळता. गंमत अशी, की १९२६ च्या मूळ वर्गीकरणात हा शब्द लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या रांगेतल्या सर्वांत चपट्या, शेवटच्या आकारासाठी वापरला होता. १९३६ मध्ये लंबवर्तुळाकार आणि सर्पिल (वळणदार भुजांच्या) या दोन कुळांच्या सांध्यावर ‘एस-शून्य’ नावाचं घर आखलं गेलं, तेही अंदाजाने, तिथे कोणीतरी असायला हवं म्हणून. पुढे त्या घरात बसणाऱ्या दीर्घिका इतक्या निघाल्या, की चपट्या घरातलेही बरेचसे रहिवासी उचलून इकडे आणावे लागले. मसुराचं नाव त्यांच्याबरोबर आलं.

मग हे घर कोणाचं, यावरून वाद. १९५१ मध्ये सुचवलं गेलं, की दीर्घिकांच्या दाट समूहांत सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून आपला वायू गमावतात आणि अशा होतात. १९७२ मध्ये वेगळं कारण पुढे आलं: समूहातल्या तप्त वायूतून धावताना समोरच्या दाबानेच त्यांचा वायू खरवडला जातो. १९७६ मध्ये तर त्यांना सांध्यावरून हटवून सर्पिलांच्या शेजारी समांतर रांगेत बसवायची सूचना झाली. १९८० च्या मोजणीत समूह जितका दाट, तितक्या त्या जास्त, हे स्पष्ट झालं.

या सगळ्यांत समान कल्पना एकच: भिंगाकार म्हणजे काहीतरी गमावलेली दीर्घिका. फोर्नॅक्स एची कथा नेमकी उलटी आहे. ती इतर दीर्घिका खात सुटलेली आहे. अश्मंत तारकासमूहाच्या दिशेने दिसणाऱ्या, त्याच नावाच्या दीर्घिकांच्या समूहात तिची गणना होते, पण ती राहते वेशीवर, मध्यवर्ती दीर्घिकेपासून साडेतीन अंशांहून दूर. समूहाचा दाट वायू तिच्या वाट्याला अजून फारसा आलेला नाही. १९८० मध्ये तिच्याभोवतीची वलयं, तरंग आणि आतली वायूची तबकडी यांचा बारकाईने अभ्यास झाला आणि निष्कर्ष निघाला दुसऱ्या दीर्घिकेशी झालेल्या विलीनीकरणाचा. तिच्यातल्या काही तारकागुच्छांचं वय सुमारे तीन अब्ज वर्षं निघतं, म्हणजे ते विलीनीकरणाच्या वेळी जन्मले असावेत; तेही त्याला दुजोरा देतं. मग तिला या घरात ठेवलं कशाला? तर लंबवर्तुळाकार म्हणावं तर धुळीचे पट्टे आडवे येतात, सर्पिल म्हणावं तर भुजा नाहीत. सरकारी फॉर्मात शेवटी ‘इतर’ असतं, तसला हा प्रकार. वर ‘विक्षिप्त’ असा शेरा मारून सूचीकारांनी आपली सुटका करून घेतली, असं म्हटलं तर चुकू नये. काही जण तिला आजही बेधडक महाकाय लंबवर्तुळाकार लिहितात.

अलीकडच्या वर्षांनी भर घातली ती मुख्यतः रेडिओतून. केंद्रात सुमारे १५ कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, पण एवढे फुगे फुगवायला लागेल त्या मानाने ते आज मंद आहे. १९९५ मध्ये फुग्यांमधून क्ष-किरण मिळाले, २०१६ मध्ये गॅमा किरणही. शिवाय १९८०, १९८१ आणि २००६ मध्ये दोनदा, असे एकाच जातीचे चार अतिनवतारे या एकाच दीर्घिकेत फुटले. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रेडिओ दुर्बिणींनी तिच्यातून बाहेर पसरलेल्या शेपट्यांमध्ये पूर्वी दिसलेल्याच्या कितीतरी पट हायड्रोजन दाखवला, आणि गिळली गेलेली दीर्घिका आपल्या आकाशगंगेसारखी वायुसंपन्न असावी, हा हिशेब जुळला. २०२० च्या मोजमापांतून दिसलं, की केंद्र एका दमात विझलेलं नाही. ते थांबून थांबून पेटत आलं आहे. सूचीतला शेरा मात्र तोच आहे: एस-शून्य, विक्षिप्त.