‘गेम टेस्टर म्हणजे पगारी खेळणं’: खुलासा

मोठ्या स्टुडिओत टेस्टर दिवसभर मजेत गेम खेळतो, हा समज जुना आणि चुकीचा. त्याला गेम नव्हे, बिल्ड मिळतं, म्हणजे तयार होत असलेल्या गेमची त्या वेळची आवृत्ती. बहुधा अर्धवट, कधी सुरूच न होणारं. मग एकाच पातळीतली प्रत्येक भिंत घासत चालायचं, पात्र आरपार जातं का बघायला. सेव्ह चालू असताना कंट्रोलर काढायचा, नेट तोडायचं. त्यात गेम कोसळला, तर प्लेस्टेशनसारखे कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या तो परत पाठवतात.

बग, म्हणजे गेममधली चूक, दिसला की खरं काम सुरू. नोंदीत बिल्ड क्रमांक, बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या, अपेक्षित काय, घडलं काय, व्हिडिओ, आणि 10 प्रयत्नांत किती वेळा. ‘गेम अडकला’ एवढंच लिहिलं तर प्रोग्रामर नोंद परत पाठवतो, आणि बरोबरच करतो. दुरुस्तीनंतर तेच सगळं पुन्हा, कारण एक बग मिटवताना शेजारी दुसरा उगवतो.